मोटर हवा घेते तेव्हा मोबाईलला काय ऐकू येतं?

मारेगावजवळ आमचं शेत आहे, विहिरीवर मोनोब्लॉक मोटर आहे. मागच्या फेब्रुवारीत विहिरीचं पाणी खाली गेलं, मोटर रात्रभर कोरडी फिरली आणि जळाली. रिवाइंडिंगचा खर्च झालाच, वर गव्हाचं शेवटचं पाणी राहून गेलं. बाबा शेतात असते तर हे झालं नसतं. ते बांधावरूनच ओळखतात, "मोटर हवा घेऊन रायली, बंद कर." मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, पण मला तो फरक कळत नाही. म्हटलं, मोबाईलला कळतो का बघू.

ॲप कोणतं?

फायफॉक्स. जर्मनीतल्या आखेन शहरातल्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाने २०१६ मध्ये आणलेलं मोफत ॲप. त्याच्या वेबसाइटवर एडिटर आहे. तिथे कोड लिहायचा नाही, चौकोन ओढायचे आणि रेषांनी जोडायचे. माझी साखळी अशी: माइक, मग आवाजाचे आकडे साठवणारा बफर, मग एफएफटी, शेवटी आलेख. एफएफटी म्हणजे आवाजाची फोड करून त्यात कोणती कंपनं किती आहेत ते सांगणारं गणित. तयार झालेला प्रयोग क्यूआर कोडने मोबाईलमध्ये येतो.

वेळ का लावायची?

मेनूतल्या टाइम्ड रनमध्ये मी ५ सेकंद थांबा आणि १० सेकंद रेकॉर्डिंग ठेवलं. बटण दाबल्याचा आवाज त्यात येत नाही, आणि मोबाईल दर वेळी त्याच विटेवर ठेवला की तुलना नीट होते.

पण खरी गंमत बफरच्या लांबीत आहे. माइक सेकंदाला ४८,००० आकडे देतो. ४,०९६ आकडे घेतले तर तो फक्त ०.०८५ सेकंदाचा आवाज होतो, आणि सुमारे १२ हर्ट्झपेक्षा जवळची कंपनं वेगळी दिसत नाहीत. ६५,५३६ घेतले तर तुकडा १.३७ सेकंदांचा होतो आणि ०.७३ हर्ट्झपर्यंतचा फरक दिसू शकतो. जास्त वेळ ऐकाल तितकं बारीक कळतं.

मोटरमध्ये हे कुठे लागतं?

आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मोटरची गुणगुण १०० हर्ट्झची. आमच्या मोटरच्या पाटीवर २८८० आरपीएम आहे, म्हणजे सेकंदाला ४८ फेरे. त्याच्या दुपटीला, ९६ वर, दुसरं शिखर दिसलं. छोट्या बफरमध्ये ही दोन्ही शिखरं एकच ढिगारा होती, मोठ्या बफरमध्ये वेगळी झाली.

दोन दिवसांनी पाणी खाली गेलं आणि मोटरने हवा घेतली. भार कमी झाला की मोटर थोडी जोरात फिरते, म्हणून ९६ चं शिखर १०० कडे सरकलं. मी आलेख दाखवेपर्यंत बाबांनी स्टार्टर बंद केला होता.

करून बघताना

मोटर मुद्दाम कोरडी चालवू नका, स्टार्टरचा डबा उघडू नका. काही मोबाईलचे माइक खालचे आवाज कापतात, त्यांच्यावर ही शिखरं दिसणार नाहीत. पाटीवर वेगळा आरपीएम असेल तर त्याला ६० ने भागा, मग दुप्पट करा. आणि आधी मोटर नीट चालू असतानाचं रेकॉर्डिंग जपून ठेवा. बाबांच्या कानात ते वीस वर्षांपासून साठलेलं आहे, मोबाईलला आपणच द्यावं लागतं.