टोकियोच्या तालमीतल्या बैठका

तेव्हा कापड्यात मोबाइलला रेंज मिळायची ती देवळाच्या पारावर. घरात ओटीवर फोन कितीही उंच धरला तरी चित्र पुढे सरकत नसे. म्हणून ४ जानेवारी २०१७ च्या संध्याकाळी मी आबांना हाताला धरून पारावर नेलं. फोन कठड्याला टेकवून उभा केला. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. तिथे रात्र झाली होती, आणि आमच्याकडे उमरठच्या रस्त्याने गुरं घराकडे वळत होती.

टोकियो डोममध्ये २६,१९२ माणसं बसली होती. ‘न्यू जपान प्रो-रेसलिंग’ ही संस्था १९९२ पासून दरवर्षी याच तारखेला इथे आपला सर्वांत मोठा फड भरवते. पंढरीच्या वारीला आषाढी, तशी जपानी कुस्तीशौकिनांना ही ४ जानेवारी. शेवटची लढत काझुचिका ओकादा आणि कॅनडाचा केनी ओमेगा यांच्यात. ती ४६ मिनिटं ४५ सेकंद चालली.

मला पहिल्यांदा जाणवली ती शांतता. सुरुवातीची दहाएक मिनिटं दोघे एकमेकांचा अंदाज घेत होते. हातात हात, मानेला कव, सुटका, पुन्हा कव. एवढा जनसमुदाय, पण कुणी उगाच ओरडत नव्हतं. चांगली पकड सुटली की टाळ्यांची एक सर येई आणि थांबे. आपल्याकडे मोठ्या गवयाच्या मैफिलीत जाणकार मंडळी बसतात, तशी ही माणसं बसली होती. मग ओकादाने ओमेगाला वरच्या दोरावरून उचलून थेट बाहेरच्या टेबलावर फेकलं. टेबल मोडलं, आणि सगळा डोम एका आवाजात कळवळला. ओकादाचा ठेवणीतला डाव म्हणजे ‘रेनमेकर’. समोरच्याचं मनगट धरून त्याला गर्रकन फिरवायचं, स्वतःकडे ओढायचं आणि दुसऱ्या हाताचा दणका मानेवर. त्या दिवशी एका दणक्याने भागलं नाही. ओमेगा पडे, पंच दोन मोजे आणि तिसऱ्याला खांदा उचलला जाई. शेवटच्या दणक्यानंतर मात्र तो उचलला गेला नाही.

आबा सगळा वेळ एक शब्द बोलले नव्हते. आता म्हणाले, “निकाल आधी ठरलेला असतो ना रे यांचा?”

“हो आबा.”

“मग तुझ्या डोळ्यांत पाणी कशाला?”

या एका प्रश्नाच्या मागे मी गेली काही वर्षं आहे.

आमचा पोलादपूर तालुका कुस्तीचा नव्हे. रायगड जिल्ह्याचा जीव कबड्डीत. कुस्ती आमच्या घरी आली ती मुंबईहून. आबा गिरणीत साचेखात्यात होते, १९८२ च्या संपानंतर गावी परतले. साठच्या दशकात पगाराच्या आठवड्यात ते सोबत्यांबरोबर वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर जात. दारासिंग आणि किंगकाँग! किंगकाँगच्या पोटाचा घेर ते अजून दोन्ही हात पसरून दाखवतात.

कोल्हापूरच्या तालमीत वाढलेला माणूस या ‘फ्रीस्टाइल’कडे नाक मुरडणार, आणि त्याचं कारणही रास्त आहे. आपल्याकडे ठरवून लढलेल्या कुस्तीला ‘नुरा’ म्हणतात आणि ती शिवी आहे. खासबागेसारखं मैदान शाहू महाराजांनी बांधलं ते निकाली कुस्तीसाठी. पाठ मातीला लागली की निकाल, बाकी सगळं गौण. त्या मातीतून आलेला आपला सर्वांत मोठा माणूस जपान्याशीच भिडला होता. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. तिथे खाशाबांची गाठ शोहाची इशिई याच्याशी पडली. इशिई मूळचा जूदोवाला. युद्धानंतर अमेरिकी अंमलात जूदोवर बंदी आली म्हणून तो कुस्तीकडे वळला होता. लांबलेल्या झुंजीत खाशाबा गुणांवर हरले, आणि दम खायला पुरती उसंत न देता त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोव्हसमोर उभं केलं गेलं. तरी कांस्यपदक आलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. इशिईचं सुवर्ण हे त्या ऑलिम्पिकमधलं जपानचं एकुलतं एक सुवर्ण. ही खरी कुस्ती होती आणि तिच्यापुढे मी कायम हात जोडीन.

मग त्याच जपानने दोन वर्षांत ठरलेल्या कुस्तीवर जीव का ओवाळला?

१९ फेब्रुवारी १९५४. टोकियोतल्या कुरामाए कोकुगिकान या सुमोच्या आखाड्यात रिकिदोझान आणि मासाहिको किमुरा ही जोडी धिप्पाड शार्प बंधूंसमोर उतरली. जपानमध्ये दूरचित्रवाणी सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. संच घेण्याची ऐपत सामान्य माणसाची नव्हती, म्हणून चौकाचौकांत संच बसवले होते. शिंबाशी स्टेशनसमोर इतकी माणसं लोटली की रस्ता दिसेना. हरलेल्या, बेचिराख झालेल्या देशातली ती माणसं. त्यांच्यासमोर एक मल्ल तळहाताच्या फटक्यांनी गोऱ्या पहिलवानांना लोळवत होता. हा रिकिदोझान मुळात कोरियन. सुमोत वाढला, १९५० मध्ये सुमो सोडून या धंद्यात आला. आपलं कोरियन मूळ त्याने लोकांपासून झाकूनच ठेवलं. ज्या देशाचा तो नायक झाला, त्या देशाला आपलं खरं नाव सांगायची त्याला सोय नव्हती. त्याची कुस्ती ठरलेली असेल, पण ती वेदना कुणी ठरवून दिलेली नव्हती.

याच रिकिदोझानच्या एका लढतीपाशी मी फार थबकलो. २२ डिसेंबर १९५४ ला तो आपल्याच जोडीदाराशी, किमुराशी, अजिंक्यपदासाठी लढला. किमुरा हा जूदोतला त्या काळचा अजोड माणूस. त्याच्या म्हणण्याप्रमाणे कुस्ती बरोबरीत सोडवायची असं ठरलं होतं. मध्येच रिकिदोझान उसळला आणि खरेखुरे तडाखे देत सुटला. किमुरा रक्तबंबाळ होऊन पडला. आपण म्हणू, चला, निदान ही तरी खरी झाली! पण मला या झुंजीची शिसारी येते. एकाने दुसऱ्याच्या विश्वासावर आपलं शरीर मोकळं सोडलं होतं, आणि दुसऱ्याने तो विश्वास मोडला. १२ डिसेंबर १९७६ ला कराचीत जपानच्याच अंतोनियो इनोकीने अक्रम पहिलवानाचा हात मोडला, तीही अशीच खरी झालेली झुंज होती.

म्हणजे या खेळाचा कस निकालात नाही. चारशे पायऱ्यांवरून उडी टाकावी तसा एक माणूस दोरावरून झेपावतो आणि खालचा त्याला झेलतो. झेलताना आपल्या पाठीवर, मानेवर घेतो. मार खराच लागतो. फक्त तो लागून समोरचा उद्या पुन्हा उभा राहील एवढी काळजी दोघांनी घ्यायची असते. कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. नमनाच्या खेळात रावण मरणार हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. तरी थंडीत घोंगडी पांघरून गाव पहाटेपर्यंत बसून राहतं. शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात दोन शाहीर रात्रभर एकमेकांची सालटी काढतात आणि सकाळी एका पंगतीला बसतात. तिथे कुणी विचारत नाही, हे खरं की खोटं. विचारतात ते एवढंच, की रंगलं का?

आता मुंबई आणि टोकियो जिथे एकाच देहात भेटतात ती जागा. त्या देहाचं नाव लू थेझ. अमेरिकेचा हा जगज्जेता ७ ऑक्टोबर १९५७ ला टोकियोत रिकिदोझानशी साठ मिनिटं लढला, आणि कुस्ती बरोबरीत सुटली. त्या रात्री जपानात दूरचित्रवाणीच्या शंभर प्रेक्षकांतले सत्त्याऐंशी ती लढत पाहत होते असा आकडा नोंदला गेला आहे. हाच थेझ २९ मे १९६८ ला मुंबईत दारासिंगसमोर उभा राहिला आणि हरला. तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता. दारासिंग त्याआधीच, १९५५ मध्ये, जपानची वारी करून आले होते. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात रिकिदोझानने आशियाई अजिंक्यपद जिंकलं ते किंगकाँगला हरवून. आबांनी वरळीला ज्याच्या पोटाचा घेर पाहिला, तोच किंगकाँग.

हे सगळं मी आबांना सांगितलं. त्यांना कौतुक वाटलं, पण ते हलले दुसऱ्याच गोष्टीने. न्यू जपानच्या तालमीत नव्या पोरांना ‘यंग लायन’ म्हणतात. काळी चड्डी, काळे बूट, दुसरा रंग अंगाला लावायचा नाही. तालमीतच राहायचं, झाडलोट करायची, थोरल्यांचे कपडे धुवायचे, मोठ्या पातेल्यात सगळ्यांचं जेवण रांधायचं. ठेवणीतले डाव खेळायची मुभा नाही, साध्या पकडी आणि फटके यांवरच निभवायचं. आणि रोज शेकड्यांनी बैठका. त्या मी आबांना फोनवर दाखवल्या. हात मागून पुढे झुलवत, टाचा उचलत, चवड्यांवर तोल सांभाळत ती पोरं खालीवर होत होती. फरशीवर घामाचं थारोळं.

आबा उठून उभे राहिले. “अरे, ही तर आपली बैठक.”

खरंच आपली. जपानी पहिलवान तिला आजही ‘हिंदू स्क्वॉट’ याच नावाने ओळखतात. कोल्हापूरच्या गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत पहाटे पट्ठे जी मारतात तीच. वस्तादाचं अंग रगडणं, हौदातली माती उकरणं, त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू कालवणं ही आपल्याकडची शागिर्दी आणि टोकियोतली ती धुणीभांडी यांत मला तरी फरक दिसत नाही. आपल्या मोतीबागेचे गणपतराव आंदळकर १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये उतरले होते. तिथल्या लोकांनी ही बैठक जवळून पाहिली असेल असं मनात येतं आणि बरं वाटतं.

पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात चित्रित झालेली ‘रिंग का किंग’ ही अशाच कुस्तीची मालिका २०१२ साली आपल्याकडे दूरचित्रवाणीवर आली होती. झगमगाट भरपूर होता, अमेरिकेचे नामांकित मल्ल होते, पण काही महिन्यांतच ती संपली. माझं मत असं की तिने पायऱ्या वरून बांधायला घेतल्या. जपानने या खेळाचा पाया तालमीत घातला आणि रोषणाई नंतर आणली. म्हणूनच टोकियोचा प्रेक्षक पहिली दहा मिनिटं गप्प बसतो. मानेची एक कव सोडवायला किती बैठका लागतात हे त्याला माहीत असतं.

ओकादा आणि ओमेगा त्याच वर्षी ११ जूनला ओसाकात पुन्हा भिडले आणि साठ मिनिटं लढून बरोबरीत सुटले, रिकिदोझान आणि थेझसारखे. ती लढत मी एकट्याने पाहिली. पावसाळा लागला होता आणि आबांना पारापर्यंत चालवत नव्हतं. रात्री ओटीवर बसून सगळी तोंडी सांगितली. त्यांनी मध्येच थांबवून विचारलं, “शेवटी सलामी दिली का एकमेकांना?”

जपानने रिकिदोझानच्या काळाच्या चित्रफिती, छायाचित्रं, अंक जपून ठेवले. आपल्या वरळीच्या रात्री मात्र उरल्या आहेत त्या गिरणीतून परतलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी. महाड-पोलादपूरच्या घराघरांत असा एखादा माणूस अजून आहे. या दिवाळीत गावी जाल तेव्हा त्याच्याजवळ बसा. तिकीट कितीचं होतं, कुठे बसला होता, कोण जिंकलं, हे विचारा आणि तारीख घालून वहीत उतरवून ठेवा.