गेलेल्या ड्राइव्हने अडवलेलं अक्षर

बॅकअपची जुनी डिस्क 'ई' होती. नवी लावली तर तिला 'एच' मिळालं, आणि 'ई'वर जाणारा रोजचा बॅकअप थांबला. ई, एफ, जी तर रिकामे दिसतात!

फौजेत बदली झाली की क्वार्टर सोडावं लागतं. विंडोज मात्र गेलेल्याच्या नावावर खोली राखून ठेवतं. आधी लावलेल्या पेन ड्राइव्हचं अक्षर रजिस्ट्रीत 'माउंटेड डिव्हायसेस' या नोंदीत राहू शकतं, आणि नव्याला अक्षर देताना ते टाळलं जाऊ शकतं.

रजिस्ट्रीत हाताने खोडाखोड नको. त्यासाठी आज्ञा आहे. पण त्याआधी, ज्यांचं अक्षर टिकवायचं ते सगळे ड्राइव्ह जोडून घ्या. जे जोडलेले नसतील त्यांचं अक्षर विंडोज विसरेल. आतल्या फायलींना धक्का लागत नाही.

आता स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, राइट क्लिक, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. काळ्या खिडकीत इंग्रजीत टाइप करा: एम-ओ-यू-एन-टी-व्ही-ओ-एल, एक जागा सोडून तिरकी रेघ, लगेच आर. एंटर.

मग स्टार्टवर राइट क्लिक, 'डिस्क मॅनेजमेंट'. नव्या डिस्कवर राइट क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', आणि 'ई' निवडा. माझं विचाराल तर बॅकअपला 'आर' किंवा 'टी' द्यावं आणि बॅकअपच्या सेटिंगमध्येही तेच लिहावं. येणारे-जाणारे पेन ड्राइव्ह तिथवर सहसा पोचत नाहीत.

तरी 'ई' यादीत नाही? कार्ड रीडर किंवा नेटवर्क ड्राइव्ह तिथे बसलाय का बघा. नेटवर्क ड्राइव्हचं अक्षर या आज्ञेने सुटत नाही, तो 'डिस्कनेक्ट'च करावा लागतो.