आईच्या दुधाचें माप



आई कामावर जाते आणि तिनें काढून ठेवलेलें दूध आजी बाळास पाजते. बाटली रिती होते, बाळ तोंड हलवितें, आणि घरांत ठरतें कीं आईचें दूध पुरत नाहीं, डबा आणा! डब्याचें दूध सुरू झालें कीं बाळ अंगावर कमी ओढतें, आणि मग आईचें दूध खरोखरच आटूं लागतें. म्हणून आधीं हिशेब करूं.

केवळ आईच्या दुधावर असलेलें मूल पहिल्या महिन्यापासून सहाव्यापर्यंत दिवसाकाठीं सरासरी 750 मिलिलिटर दूध पितें. एखादें 570 वर तृप्त होतें, एखाद्यास 900 लागतें. अहोरात्रांत तें जितक्या वेळां पितें, तितक्यांनीं 750 ला भागावें. आठ वेळां पीत असेल, तर एका वेळीं सुमारें 95 मिलिलिटर. आई आठ-नऊ तास बाहेर असल्यास असे तीन वांटे पुरतात. वाढीचा वेग हळूहळू मंदावत असल्यामुळें या काळांत माप फारसें वाढत नाहीं.

बाटलींतून धार आपोआप येते व बाळास ती गिळावीच लागते. म्हणून रिती बाटली हा भुकेचा पुरावा नव्हे. वाटी-चमच्यानें, थांबत थांबत पाजावें. बाळानें तोंड फिरविलें कीं आग्रह करूं नये.

दिवसांतून सहा किंवा अधिक वेळां लघवी होते, वजन वाढतें, तर दूध पुरतें आहे. तसें नसेल, तर डॉक्टरांस दाखवावें. डब्यापूर्वीं एक भागाकार, एवढीच विनंती.