तुसाची परीक्षा खऱ्या रंगावर व्हावी

शेतातल्या टाकाऊ मालाने रंगाचं सांडपाणी स्वच्छ होतं, अशी बातमी हल्ली वारंवार झळकते आणि तिच्यात धानाच्या तुसाचं नाव हमखास असतं. मोहाडी तालुक्यातल्या करडी परिसराला ही बातमी जवळची वाटणारच. हा तालुका धानाचा. क्विंटलभर धान भरडलं की साधारण 20 किलो तूस निघतं. याच तालुक्यात आंधळगावला कोसा रेशीम विणलं जातं. माल आणि गरज एकाच तालुक्यात असताना बातमीचा कस इथेच लावायला हवा.

तूस रंग धरतं, यात खोटं काही नाही. मिथिलीन ब्लूच्या निळ्या पाण्यात धुऊन वाळवलेलं तूस टाकून ढवळत राहिलं, की पाण्याची निळाई उतरते आणि तुसावर चढते. कारण साधं आहे: या रंगाचा विद्युतभार धन, तुसाच्या पृष्ठभागाचा बहुधा ऋण. असंख्य प्रयोग याच रंगावर होतात आणि इथेच माझा आक्षेप आहे. इचलकरंजी, सोलापूरकडचं सुती कापड मुख्यतः रिअॅक्टिव्ह रंगांनी रंगतं, रेशीम बहुतेकदा अॅसिड रंगांनी; दोन्ही ऋणभारित. कच्चं तूस त्यांना फारसं जवळ करत नाही. शिवाय रिअॅक्टिव्ह रंगाचा 10 ते 40 टक्के भाग धाग्याला न चिकटता पाण्यात जातो आणि गडद छटेसाठी लिटरमागे 50 ग्रॅमहूनही अधिक मीठ लागतं. रंग तुसाने धरला, तरी मीठ पाण्यातच राहतं. निवळीचं बी उगाळून पाणी निवळण्याच्या जुन्या रीतीचा दाखला इथे दिला जातो; पण निवळी गाळ खाली बसवते, विरघळलेला रंग ही वेगळी गोष्ट आहे.

यावर उत्तर येतं की तुसाचा सक्रिय कोळसा करा, रसायनाने त्याचा भार बदला. होतं तसं, पण मग भट्टी, आम्ल आणि धुण्याचं पाणी यांचा खर्च चढतो आणि ‘फुकटचं तूस’ हा मुद्दाच सुटतो. मुळात ते फुकट नाहीच. उसना (उकडा) तांदूळ काढणाऱ्या राइस मिल तेच बॉयलरमध्ये जाळतात. आणि रंग पिऊन बसलेलं तूस बांधावर टाकलं, तर पहिल्या जोरदार पावसात तो रंग नाल्यात आणि तिथून वैनगंगेत जाणार.

तरीही ही वाट सोडू नये. मोठ्या उद्योगवसाहतीच्या सांडपाण्यावर तूस पुरं पडणार नाही. कोशाच्या लड्या रंगवणाऱ्या छोट्या कारागिराकडे मात्र त्याला जागा आहे. अॅसिड रंगाच्या पातेल्यात अॅसेटिक आम्ल आधीच असतं. आम्लधर्मी पाण्यात तुसाचा ऋणभार घटतो आणि अॅसिड रंग धरण्याची शक्यता वाढते. रंगवून उरलेलं पाणी धुण्याच्या पाण्यात न मिसळता तुसाने भरलेल्या ड्रममधून सोडायचं, एवढीच सोय आधी करून पाहावी. प्रयोगशाळांनी मोजमाप द्यावं ते याच पाण्याचं, आम्लासकट. किलोभर तुसाने किती लिटर पाण्याचा रंग कुठवर उतरला, आणि ते तूस पुढे कुठल्या भट्टीत, कोणाच्या खर्चाने जाळलं, हेही त्याच अहवालात यावं.