वारो पडलो!

शुक्रवारी रात्रीची कोकण रेल्वे, सकाळी कुडाळ, तिथून मालवण. तिघांनी रजा काढलेली, मी डेडलाइन ढकललेली. आकाश निळंशार, ऊन कडक. आणि बोटवाले काका म्हणतात, ‘‘ताई, आज नको. वर दिसता तसा खाली नाय.’’

खरं सांगते, डोकंच फिरलं. एवढ्या उन्हात स्कूबा कॅन्सल?

काकांनी किनाऱ्यावरच क्लास घेतला. पहाटे जमिनीकडून मतलई वारे येतात, मंद. दुपारी जमीन तापली की समुद्राकडून खारे वारे सुटतात, पाणी खवळतं. म्हणून डाइव्ह सकाळची. (शाळेत भूगोलात होतं हे, दोन मार्कांना!) पण आदल्या रात्रभर वायव्येचा वारा थांबलाच नव्हता. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाणी उथळ. लाटांनी तळाची वाळू उठली की मासे सोडा, सोबतचा माणूसही धड दिसत नाही. त्यात पौर्णिमेचं उधाण, म्हणजे पाण्याला ओढ जास्त. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा ती कमी. आणि मुख्य म्हणजे, वर येताना हेलकावणाऱ्या बोटीची शिडी डोक्यात बसू शकते.

शेजारची एक बोट गेलीच. तासाभरात परत. दोघं काठाला वाकून ओकत होते, बाकीच्यांना काही दिसलं नव्हतं.

काकांनी आमचे पैसे परत केले. सीझनमधल्या शनिवारची कमाई गेली, तरी चेहऱ्यावर काही नाही. मला सकाळचा माझा आवाज आठवत होता.

रविवारी साडेसहाला फोन वाजला. ‘‘ताई, येवा लवकर. वारो पडलो.’’