खुळ्या रोपांचे शहाणपण

खालापूर-कर्जतच्या पट्ट्यात मृगाच्या सरींबरोबर भाताची रोपे तरारतात. त्यांत एखादे रोप भोवतालच्या रोपांहून वीतभर उंच, पण फिकट आणि किडकिडीत दिसले, तर नवख्याला ते जोमदार वाटण्याचा संभव असतो. वस्तुतः ते रोगट असते. जपानमध्ये या रोगाला ‘बाकानाए’ म्हणजे ‘खुळे रोप’ असे नाव आहे. असे रोप बहुधा मरते. जगलेच तरी त्याच्या लोंबीत दाणा भरत नाही.

या खुळेपणाचे कारण एक बुरशी होय. 1926 मध्ये तैवानात एइइची कुरोसावा यांनी असे दाखविले की, बुरशी गाळून काढलेला द्रवही रोपांना उंच वाढवितो. म्हणजे करामत बुरशीने स्रवलेल्या द्रव्याची होती. तेइजिरो याबुता यांनी 1935 मध्ये त्याला ‘जिबरेलिन’ हे नाव दिले. वनस्पती स्वतःही हे संप्रेरक बेताने तयार करतात, असे पुढे आढळले. बुरशी तो बेत तेवढा मोडते.

तथापि, भाताला घातक ठरणारे हेच द्रव्य द्राक्षाला उपकारक ठरते. बिनबियांच्या द्राक्षाचा मणी मुळात लहान राहतो. तो फुगावा आणि घड मोकळा व्हावा, म्हणून नाशिक-सांगलीचे बागाईतदार ‘जीए’ फवारतात. ते याच बुरशीला टाक्यांत वाढवून मिळविले जाते. उलट, 1966 च्या ‘आय. आर. 8’ या बुटक्या भाताचे रहस्य जिबरेलिनच्या उणिवेत आहे, हे 2002 मध्ये उलगडले. ताट आखूड राहिल्याने ते खताचा भार सोसते, लोळत नाही.

द्रव्य एकच, लाभ-हानी ठरते ती मात्रेवर, आणि मात्रेचे ज्ञान कोणापर्यंत पोहोचते यावर. येथेच अर्थशास्त्राचा प्रश्न उद्भवतो. हा रोग मुख्यतः बियाण्यातून येतो. राब भाजून झाल्यावर रोगट बी पेरले, तर त्या भाजण्याचा उपयोग काय? उपाय स्वस्त आहे. दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकावे, तरंगणारे पोचट व रोगट दाणे काढून टाकावेत, तळाचे बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवावे आणि मग त्यास बुरशीनाशक चोळावे.

‘जीए’ विकणारा बागाईतदाराच्या बांधापर्यंत आपणहून जातो, कारण त्यात त्याचा नफा आहे. मिठाच्या पाण्याचा सल्ला देऊन कोणाचाच गल्ला भरत नाही. म्हणूनच तो घरचे बी राखणाऱ्या अल्पभूधारकापर्यंत पोहोचविण्याचे काम बाजारावर सोपविता येत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे भात संशोधन केंद्र कर्जतलाच आहे. तेथील ज्ञान पेरणीपूर्वी खालापूरच्या वाड्या-पाड्यांवर पोहोचावे, यासाठी कृषिसेवकांची पदे भरलेली हवीत आणि त्यांच्या फिरतीसाठी तरतूद हवी. हा खर्च वाचविणे म्हणजे मिठाची बचत करून पीक गमावणे होय.