पास खरा, माणूस खरा, तरी चोरी

चेन्नईच्या उत्तर टोकाला एन्नोरचं कामराजर बंदर. 2001 मध्ये ते मुख्यतः वीजकेंद्रांच्या कोळशासाठी सुरू झालं. आता तिथून मोटारी परदेशी जातात आणि 2019 पासून द्रवरूप नैसर्गिक वायूही उतरतो. अशा ठिकाणी पासाशिवाय आत जाता येत नाही. पण समजा, पास असलेल्या कामगाराच्या हाती बाहेरच्या कुणी चिठ्ठी दिली, 'अमुक शेडमधलं खोकं घेऊन ये.' फाटकावरचा जवान पास बघेल, सोडून देईल. चिठ्ठी कुणाची, हे विचारायला त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

संगणकात हे घडून गेलंय. नॉर्म हार्डी यांनी 1988 मध्ये किस्सा लिहून ठेवला. टाइमशेअर कंपनीच्या यंत्रावरच्या कम्पायलरला, म्हणजे प्रोग्रामचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला, वापराची आकडेवारी नोंदवायला एका राखीव डिरेक्टरीत लिहायची मुभा होती. ग्राहकांच्या बिलांची फाइलही नेमकी तिथेच. एका वापरकर्त्याने कम्पायलरला आपला तपशील लिहायला फाइलीचं नाव दिलं, तेही बिलांच्या फाइलीचं! कम्पायलरने इमानेइतबारे लिहिलं आणि बिलं गेली. परवानगी तपासली गेली होती, फक्त भलत्याची.

जावा भाषेने 1998 मध्ये यावर तोड काढली. नाजूक काम करण्याआधी, ते कुणी मागितलं, त्याला कुणी पाठवलं, त्याच्याही मागे कोण, अशी सगळी साखळी प्रोग्राम चालू असतानाच तपासायची. तोड चांगली, पण ही तपासणी लिहायची प्रोग्रामरनेच. हजार वाटांपैकी एकीवर तो विसरला की संपलं. चाचणी घेऊन काही वाटा तपासता येतात, सगळ्या नाही.

इथे गणिती पडताळणी कामी येते. कोणता भाग कोणाला बोलावतो, याचा नकाशा कोडवरून बनवायचा. मग साखळी कितीही लांब असो, परवानगीवाचून नाजूक जागी पोहोचणारी एखादी तरी आहे का, हे यंत्राकडून तपासून घ्यायचं. जावासाठी ही पद्धत 1999 मध्ये मांडली गेली. मात्र परवानग्या हव्या तशा वाटता येत असतील, तर एखादा हक्क कधी नको त्याच्या हाती पडेल का, या प्रश्नाचं दरवेळी उत्तर देणारी रीत असूच शकत नाही, हे हॅरिसन, रुझो आणि उलमन यांनी 1976 मध्येच सिद्ध केलंय. म्हणून आधी प्रश्नालाच कुंपण घालावं लागतं.

पण तपासणीलाच बगल दिली तर? त्याचं आपल्याकडचं उदाहरण पुण्याच्या कॉसमॉस बँकेतल्या सायबर चोरीचं. ऑगस्ट 2018 मध्ये 94 कोटींहून अधिक रुपये गेले. त्यातले 78 कोटी 28 देशांतल्या एटीएममधून, सुमारे 12 हजार व्यवहारांत. चोरांनी बँकेची तपासणी फसवलीच नाही. त्यांनी एटीएमची विचारणा बँकेपर्यंत नेणाऱ्या स्विचच्या जागी एक तोतया स्विच उभा केला आणि 'पैसे द्या' हे उत्तर तोच देत राहिला. खात्यात शिल्लक आहे का, हा प्रश्न खऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचलाच नाही.

अशा वेळी निव्वळ 'तपासणी बिनचूक आहे' हे सिद्ध करून भागत नाही. तपासणीला वळसा घालून होकार देताच येत नाही, हेही सिद्ध करावं लागतं. ते अशक्य नाही. एसईएलफोर या छोट्या कर्नलबाबत, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याबाबत, 2009 मध्ये आधी बिनचूकपणा सिद्ध झाला, आणि हक्क नसलेला प्रोग्राम दुसऱ्याच्या मेमरीत ढवळाढवळ करू शकत नाही, हे 2011 मध्ये. पण त्याचं कोड सुमारे 8,700 ओळींचं आणि पहिलीच सिद्धता सुमारे 2 लाख ओळींची. हा हिशोब पाहता अख्ख्या बँकेच्या सॉफ्टवेअरची सिद्धता मागणं मला भाबडेपणाचं वाटतं. होकार देणारा भाग तेवढा वेगळा काढावा, लहान ठेवावा आणि सिद्धतेचा खर्च त्याच्यावर करावा.